पाच फूट सात इंच

माझी उंची पाच फूट सात इंच आहे. लग्न ठरताना एकदा कुणीतरी ती विचारली होती, त्यानंतर तिची कुणाला गरज पडली नाही. पडली ती आमच्या दाजींना. "मेहुणे म्हणजे एकशे सत्तर सेंटिमीटर. बूट घालून एकशे बहात्तर," असं ते चारचौघांत सांगतात आणि ज्यांना मागचं काही ठाऊक नसतं ते लोक माझ्याकडं जरा कीव आल्यासारखं बघतात. मागचं असं, की सह्याद्रीतली एखादी दरड दाजींच्या मनात भरली की ते मला तिच्या पायथ्याशी उभं करतात, हात अंगाला चिकटवून ठेवायला सांगतात आणि फोटो काढत काढत लांब निघून जातात. मी म्हणजे पट्टी. कंपासपेटीत असते तीच, फक्त पोट सुटलेली.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. तीसेक वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहेत, असं आपलं म्हणायचं. प्रत्येक घराण्यात गाडी थांबवणारा एक माणूस असतो. कुणाला उकडलेल्या शेंगा दिसतात, कुणाला देऊळ, कुणाला आपला वर्गमित्र इथंच कुठंतरी राहतो हे आठवतं. दाजींना दगड दिसतो. आता साताऱ्यात राहायचं, घाट चढायचे-उतरायचे आणि दगड दिसू द्यायचा नाही, हे कसं जमावं? म्हणून आम्ही खुणा ओळखून आहोत. दाजी एकदा "थांब" म्हणाले तर चहा. दोनदा म्हणाले तर आडोसा हवाय. "थांबथांबथांब" असं एका दमात तीनदा आलं की दगड. आणि मग जेवायला पाचगणीत पोचायचं मनातून काढून टाकायचं.

उतरले की आधी आभाळाकडं बघतात. लख्ख ऊन असलं तर चेहरा पडतो. "सावल्या पडल्यात सगळ्या," असं अशा आवाजात म्हणतात, की शेजारून जाणाऱ्याला वाटावं घरात काही वाईट घडलं. ढग आले की खुलतात. कारण ऊन असलं की खडकाच्या प्रत्येक कपारीत काळी सावली बसते, तासाभरात ती सरकते आणि कॉम्प्युटरला सावली कुठली नि भेग कुठली ते कळेनासं होतं. आम्ही सहलीला निघताना देवाजवळ ऊन मागतो, दाजी त्याच देवाजवळ मळभ मागतात. देवही बहुधा त्यांच्या कॉलेजात शिकलेला असावा.

मग सुरू होते ती खेकडाचाल. दरडीकडं तोंड, कॅमेरा छातीशी, एक पाऊल उजवीकडं, खटक. आणखी एक पाऊल, खटक. पुन्हा एक, खटक. एका फोटोत आलेलं पुढच्या फोटोतही बरंचसं यायला हवं. "ऐंशी टक्के!" हा त्यांचा मंत्र. शंभर मीटरच्या दरडीसाठी तीनशे-साडेतीनशे फोटो होतात. आधी उभ्यानं, मग उकिडवं बसून, मग गाडीच्या बॉनेटवर चढून. ताईनं ह्यातला ओव्हरलॅप तेवढा उचलला आहे. गच्चीवर पापड वाळत घालताना शेजारीण एकावर एक पापड टाकायला लागली, की ती म्हणते, "अहो, ओव्हरलॅप नको. पापड आहेत, दरड नाही."

हे सगळं कशासाठी, हे मला पहिल्यांदा कळलं ते ताईच्या शिवणाच्या डब्यामुळं. दाजींनी माझ्या हातात सुई-दोरा दिला आणि म्हणाले, एक डोळा मिटा आणि ओवा. ओवून बघा तुम्हीही. एका डोळ्याला सुई दिसते, पण ती जवळ आहे का लांब ते कळत नाही. दुसरा डोळा जरा बाजूनं बघतो, म्हणून खोली कळते. "आता तीनशे ठिकाणांहून बघितलं तर?" दाजी म्हणाले. सहस्राक्ष इंद्र माहीत होता, दाजींचा तीनशे डोळ्यांचा. कॉम्प्युटर म्हणे प्रत्येक फोटोत तोच ठिपका, तोच डाग हुडकतो, त्यावरून फोटो काढणारा माणूस नेमका कुठं उभा होता ते काढतो आणि त्यावरून खडकाचा एकेक बिंदू हवेत जागच्या जागी बसवतो. असे लाखो बिंदू जमले की पडद्यावर अख्खी दरड उभी राहते. माउसनं फिरवायची, वरून बघायची, पोटाखाली शिरून बघायची.

फक्त एक गोम आहे. नुसत्या फोटोंवरून कॉम्प्युटरला आकार कळतो, माप कळत नाही. त्याच्या लेखी पाटा नि प्रतापगड सारखेच. म्हणून फोटोत कुठंतरी ठाऊक मापाची वस्तू लागते. पूर्वी दाजी हातोडी ठेवायचे. ती एकदा केळघरच्या घाटात राहिली. मग रुपयाचं नाणं ठेवायला लागले, पण रुपया नव्या मालिकांत आकसत गेला आणि फोटोतला रुपया जुना का नवा हे भिंग लावून बघायची पाळी आली. "ज्या देशाचा रुपया लहान होतो, त्या देशात सर्वेक्षण करायचं कसं?" हे दाजींचं एकुलतं एक राजकीय मत. आता छोट्या कामाला दहाचं नाणं, 27 मिलिमीटर. मधल्या कामाला ताईचं लाटणं, ज्यावर त्यांनी परमनंट मार्करनं सेंटिमीटर आखले (त्या दिवशी घरात पोळ्या झाल्या नाहीत). आणि मोठ्या कामाला मी. झेरॉक्सच्या दुकानातून बुद्धिबळाच्या पटासारख्या काळ्या-पांढऱ्या चौकटी छापून, लॅमिनेट करून त्यांनी आणल्यात. त्या दोरीनं अंतर मोजून लावता येतात आणि माझ्याहून कितीतरी अचूक आहेत. तरी मला उभं करतातच. "असू द्या. सवय आहे," म्हणतात. कुणाला, ते सांगत नाहीत.

पट्टीचा धर्म एकच: हलायचं नाही. हलणारी वस्तू कॉम्प्युटरला पटत नाही. ह्या फोटोत आहे, पुढच्यात सरकली, म्हणजे नव्हतीच, असा त्याचा खाक्या. आमच्या घराण्याच्या गेल्या काही वर्षांतल्या सगळ्या सहली दाजींच्या हार्ड डिस्कवर आहेत आणि त्यांत आम्ही फार थोडे आहोत. वरंधच्या मॉडेलमध्ये ताईचे दोन पाय आहेत, गुडघ्यापर्यंत. वर थेट कातळ. ताम्हिणीत माझं डोकं खडकाला लागलेल्या गळूसारखं दिसतं, कारण मला माशी चावली होती. भाचा तर कुठल्याच मॉडेलमध्ये नाही. सगळ्यांत सुरेख उतरली ती एक शेळी. मेढ्याच्या अलीकडं एका कड्यावर दाजी ड्रोन उडवत होते. ड्रोन भाच्यानं दिलेला, अडीचशे ग्रॅमच्या आतला, म्हणजे पाव किलो वांग्यांपेक्षा हलका. ड्रोन वर गेला की खाली माणसं जमतातच. "रस्ता रुंद होणार का साहेब? आमची जागा जातीय का?" हा पहिला प्रश्न. दुसरा, "बिबट्या दिसला काय?" तिसरा, हळू आवाजात, "काय घावलं का आत?" दाजी तिघांनाही लाव्हाचे थर समजावून सांगतात आणि तिघंही 'साहेब सांगत नाहीत' अशा समजुतीनं मान डोलावतात. त्या दिवशी एक आजी मात्र पुढं येऊन म्हणाल्या, "बाबा, माझी शेळी कालपासून घावंना. तुझ्या त्या भिंगरीतनं बघ की." दाजींनी बघितली. कड्याच्या मध्यावर, हातभर रुंदीच्या कंगोऱ्यावर ती रवंथ करत उभी होती. पोरं दोर घेऊन गेली, शेळी खाली आली, आम्हाला घरटी एक अशी तीन घरांत चहा प्यावा लागला. रात्री मॉडेल तयार झालं तेव्हा ताईचा नुसता पदर, माझं अर्धं अंग आणि शेळी मात्र शिंगांसकट अख्खी. "बघा," दाजी मला म्हणाले, "असं उभं राहायचं असतं."

मॉडेल तयार होणं हा रात्रीचा कार्यक्रम. कॉम्प्युटर संध्याकाळी कामाला लावायचा. त्याचा पंखा गिरणीसारखा घरघरतो. दाजी दर अर्ध्या तासानं उठून टक्के बघतात, जसं कुणी आजाऱ्याचा ताप बघावा. "अलाइन झालं," असं रात्री दीडला पुटपुटतात, ताई झोपेत "बरं झालं" म्हणते. एकदा 92 टक्क्यांवर लाईट गेली. त्यानंतर घरात इन्व्हर्टर आला. ताई दहा वर्षं फ्रीजसाठी इन्व्हर्टर मागत होती, हे मी इथं नोंदवून ठेवतो.

सकाळी जो कुणी घरी येईल तो प्रेक्षक. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्या जोडप्याला दाजींनी "पाच मिनिटं बसा" म्हणून बसवलं आणि आंबेनळीच्या घाटातली दरड दाखवली. आधी नुसते बिंदू, विखुरलेले. "बुंदीसारखं दिसतंय," बाई म्हणाल्या. दाजी खूश. मग बिंदूंना जोडणारी जाळी, मग त्यावर फोटोंचं कातडं चढलं आणि एकदम घाटच समोर आला: काळा थर, त्यावर विटकरी पट्टा, पुन्हा काळा थर. "हा लाल पट्टा म्हणजे विश्रांती," दाजी म्हणाले. एक लाव्हा आला, थिजला. मग पुढचा येईपर्यंत इतका अवकाश गेला की वरचा दगड कुजून त्याची माती झाली, आणि ती माती पुढच्या लाव्हाखाली गाडली गेली. असे किती लाव्हे? खालपासून वरपर्यंत ह्या सगळ्या थरांची बारा कुळं लावून ठेवली आहेत आणि दाजी ती भीमरूपी म्हणावी तशी म्हणतात: जव्हार, इगतपुरी, नेरळ, ठाकूरवाडी, भीमाशंकर, खंडाळा, बुशे, पोलादपूर, आंबेनळी, महाबळेश्वर, पन्हाळा, देसूर. भाचा लहान असताना त्याला वाटायचं, ही एसटीची गाडी आहे. जव्हारहून सुटते, रात्री उशिरा बेळगावजवळ देसूरला मुक्कामी. पत्रिकावाले तीन तासांनी उठले. त्यांच्या उरलेल्या पत्रिका व्हॉट्सॲपवर गेल्या असं ऐकलं.

पण खरं सांगायचं तर ह्या खटाटोपामागं एक कारण आहे, आणि ते कळलं तेव्हापासून मी जरा कमी कुरकुरतो. सहा कोटी साठ लाख वर्षांच्या आसपासचे हे थर बघताना सपाट दिसतात. सपाट नाहीत. महाबळेश्वरच्या बाजूला ते दक्षिणेकडं किंचित कलले आहेत. किंचित म्हणजे अर्ध्या अंशाच्या आतबाहेर. किलोमीटरभर चाललं की जेमतेम नऊ मीटर उतरतात. होकायंत्र दगडावर टेकवून हा कल मोजायला गेलं तर दगडाचा खडबडीतपणाच त्याहून जास्त भरतो. दाजींची निम्मी हयात असा कल हाताला न लागण्यात गेली. आता ते पडद्यावर त्याच लाल पट्ट्यावर एक टिचकी इथं मारतात, एक पार समोरच्या सोंडेवर, तिसरी दरीपलीकडं. तीन टिंबांतून एक प्रतल, प्रतलाचा कल अमुक. आकडा येतो तेव्हा ते काही बोलत नाहीत. चष्मा काढून सदऱ्याला पुसतात, परत घालतात आणि तोच आकडा परत काढतात.

त्यांच्या भाचीच्या लग्नात मात्र मी त्यांना माफ केलेलं नाही. लग्न मुंबईत, अंधेरी पश्चिमेला. हॉल ठरवणाऱ्याच्या लक्षात आलं नव्हतं की तिथून चालत जाण्याच्या अंतरावर गिल्बर्ट हिल आहे. इमारतींच्या गर्दीत 61 मीटर उंचीचा काळ्या दगडाचा सुळका, अंगावर उभे खांबच्या खांब, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. लाव्हा थंड होताना आक्रसला, चिखल तडकावा तसा तडकला, त्याचे हे खांब. त्याचं मॉडेल करायचं म्हणजे मागं सरकून सगळ्या बाजूंनी फोटो घ्यायला हवेत, आणि मागं सरकायला तिथं वीतभर जागा नाही. विमानतळ जवळ, त्यामुळं ड्रोनचं नाव काढायचं नाही. उरल्या आसपासच्या इमारतींच्या गच्च्या. आता एरवी अनोळखी माणसाला मुंबईतला वॉचमन गच्चीवर सोडेल का? पण दाजींच्या डोक्याला फेटा होता. फेटेवाला माणूस घाईघाईनं आत शिरतोय म्हटल्यावर वॉचमन उठून उभे राहिले. एकानं तर "वर पक्ष चौथ्या मजल्यावर," असंही सांगितलं.

इकडं गुरुजींनी माइकवर पुकारा केला, "मुलीच्या मामांनी मुलीला घेऊन यावं." मामा गच्चीवर. दुसरा पुकारा झाला. ताईनं माझ्याकडं बघितलं. मुलीच्या मामीचा भाऊ मुलीचा कोण लागतो हे मी गुरुजींना सांगेपर्यंत कुणीतरी मला धरून नवरीमागं उभं केलं. "हलू नका," गुरुजी म्हणाले. मला उगाच घरच्यासारखं वाटलं. शेवटच्या मंगलाष्टकाला दाजी आले, घामानं निथळत, फेट्याचा शेमला कॅमेऱ्याच्या पट्ट्यात अडकलेला. अक्षता टाकता टाकता माझ्या कानात म्हणाले, "तीन बाजू मिळाल्या. पूर्वेची राहिली. रिसेप्शन किती वाजता आहे?"

त्यांचे एक जुने सहकारी आहेत, हातोडीवाले. त्यांच्या मते हे सगळं व्हिडिओ गेम. दगड फोडला पाहिजे, ताजी कड बघितली पाहिजे, भिंग लावलं पाहिजे. गंमत अशी की दाजींचंही मत हेच आहे. मॉडेल दाखवून झालं की ते हमखास म्हणतात, "पण प्रत्यक्ष हात लावायला हवा हं." त्यांच्या गळ्यात अजून भिंग असतं, गाडीच्या डिकीत दगडांची पोती, आणि पहिल्या पावसात ओल्या कातळाला नाक लावून उभा राहणारा साताऱ्यातला एकमेव ज्येष्ठ नागरिक तोच. मग मॉडेल कशाला, असं मी एकदा विचारलं. तेव्हा त्यांनी सांगितलं ते टाळेबंदीतलं.

2020 साल, नोकरीचं शेवटचं वर्ष, विद्यार्थ्यांची फील्ड ट्रिप रद्द. दाजींनी घाटाचं मॉडेल पोरांना पाठवून दिलं. वर्गात सांगलीकडची एक मुलगी होती, एक पाय अधू. आदल्या वर्षीच्या ट्रिपला ती बसमध्ये बसली होती, सगळ्यांच्या बॅगा सांभाळत. "आणि मला तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही, मेहुणे," दाजी म्हणाले. त्या मुलीचा रात्री फोन आला: सर, लाल पट्ट्याच्या वर उजवीकडं घळ आहे, तिच्या आत एक उभी भिंत दिसतेय, ती कसली? दाजी म्हणाले, तिथं काही नाही. ती म्हणाली, सर, वरून बघा. दाजींनी वरून बघितलं. डाइक होती. लाव्हा ज्या फटींतून वर आला, त्यांतलीच एक फट आतल्या आत थिजून राहिलेली, जेमतेम दीड हात रुंद. बावीस वर्षं दाजी त्या दरडीसमोर पोरांना उभं करून बोलत होते आणि ती करवंदीच्या जाळीमागं त्यांच्या डोक्यावर होती. टाळेबंदी उठल्यावर पहिली गाडी तिकडं गेली. मी उभा राहिलो. त्या मॉडेलच्या फाइलीचं नाव दाजींनी 'रोल नंबर 17' ठेवलं आहे.

2021 च्या जुलैतल्या पावसानं आंबेनळीचा रस्ता जागोजाग तुटला तेव्हा दाजींनी जुनं मॉडेल काढलं, नवं केलं आणि एकातून दुसरं वजा केलं. जिथून माल गेला तिथं लाल, जिथं येऊन पडला तिथं निळं. जुन्या मॉडेलमध्ये मी ज्या जागी उभा होतो ती जागा मी शोधली. लाल होती. दाजींनी पटकन चित्र दुसरीकडं फिरवलं आणि ताईला चहा टाकायला सांगितलं.

परवा पसरणीच्या घाटात पुन्हा थांबथांबथांब झालं. मळभ होतं. ताई गाडीत झोपली. मी वळणावरच्या दरडीला पाठ लावून, हात खाली सोडून उभा राहिलो. खटक, पाऊल, खटक, पाऊल, असं करत दाजी वळणापलीकडं दिसेनासे झाले. पंधरा मिनिटं गेली. मग वाईकडून वर येणारी एसटी कचकन माझ्यासमोर थांबली. कंडक्टरनं दार उघडलं.

"या बसा. महाबळेश्वर का?"

"नाही," ओठ फारसे न हलवता मी म्हणालो.

"मग हात का नाही केला?"

"हलायचं नाहीये."

त्यानं माझ्याकडं बघितलं, दरडीकडं बघितलं, आणि डबल बेल दिली.